उकाडा, कूलर आणि झोपेचा मेंदू

मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती आणि नव्या इमारतींचे स्लॅब दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते ओकत बसतात. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला, त्याचा गवगवा झाला. झोप मोडायला मात्र रात्रीचं किमान तापमान पुरतं.

डोळा लागण्याआधी हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे गरम होतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. पावलं उबदार असली की झोप लवकर लागते, हे बासेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. पण खोलीतली हवाच अंगाइतकी तापलेली असेल, तर ही उष्णता जाणार कुठे?

झोप आणि उष्णतेच्या या नात्याचा कारभार मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या टोकाला, प्रीऑप्टिक भागात चालतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास झोपेच्या विचित्र साथीचे रुग्ण तपासताना व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमोला दिसलं, की ज्यांची झोपच उडाली होती त्यांच्या मेंदूत याच बाजूला इजा होती. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये व्ही. मोहन कुमार यांनी हा भाग वर्षानुवर्षं अभ्यासला. तो निकामी केलेल्या उंदरांची झोप घटली आणि अंगाचं तापमान वाढलं. पुढे २०१८ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने इथल्या काही पेशी नेमक्या हेरल्या: त्वचेला ऊब लागली की त्या जाग्या होतात, उंदराला झोपवतात आणि त्याचं अंगही गार करतात. दोन्ही कामं त्याच पेशींची! म्हणजे ऊब झोपेला बोलावते. अति उष्मा तिला हाकलतो.

स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, तर आणखी नाजूक. त्या वेळी घाम आणणं, कुडकुडणं ही यंत्रणा मंदावते. म्हणून फार उकाड्यात मेंदू ही झोप आखडती घेतो. रेमचा मोठा वाटा पहाटेकडे असतो आणि शरीराचं तापमानही तेव्हाच तळ गाठतं. रात्री दहाला कूलरपुढची जागा पटकावणारा माणूस पहाटे चादर शोधतो, तो यामुळेच.

म्हाताऱ्यांचे हाल जास्त, कारण वयानुसार घाम आणि त्वचेकडचा रक्तपुरवठा दोन्ही कमी होतात. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत नागपूरकरांना तारून नेतो. जूनमध्ये दमट हवा आली, की पाणी उडेनासं होतं, अंगावरचा घामही वाळत नाही, आणि पारा उतरूनही महालात कुशी बदलणं सुरूच राहतं.