गोल्फ आणि नागझिरा : दौरा आखताना

गोल्फची किट सोबत असेल, तर खेळ नागपूरलाच उरकून घ्या. तिथल्या क्लबचे सदस्य नसाल, तर पाहुणे म्हणून खेळता येईल का आणि शुल्क किती, हे आधी फोनवर विचारा. पुढे राष्ट्रीय महामार्ग ५३ ने भंडारा, साकोली. हाच रस्ता नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांच्या मधून जातो.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ चा. पुढे उमरेड-कऱ्हांडल्यात गाजलेला 'जय' वाघ मूळचा नागझिऱ्याचाच. तरी इथे केवळ वाघाच्या हिशेबाने येऊ नये. रानकुत्र्यांची टोळी, अस्वल, गवा, पाणवठ्यावर थबकलेलं सांबर यांच्यासाठी किमान दोन सफारी ठेवा, एक पहाटेची, एक दुपारची. गोंदियाकडून येणाऱ्यांना चोरखमारा, मंगेझरी ही प्रवेशद्वारं सोयीची. आरक्षण ऑनलाइन करा आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. पावसाळ्यात सफारी बंद असते. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटे हातपाय गारठतात, कानटोपी हवीच. वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात जास्त. मात्र तेव्हा दुपारी गोल्फ खेळणं विदर्भाच्या उन्हात झेपणारं नाही.

एक दिवस नवेगावबांधला द्याच. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांनी भरतो. महाराष्ट्रातले सारस आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरलेत आणि ते धानाच्या बांध्यांत, तलावांच्या काठी घरटी करतात. सारस दिसला, तर रस्त्यावरूनच दुर्बिणीने पाहा; फोटोसाठी बांधीत उतरू नका.