बागेतील कोठी आणि तिची तावदाने

दिल्लीस राजधानी नेण्याची घोषणा 1911 साली झाली. नव्या नगराच्या रस्त्यांवर लावावयाची झाडे वाढविण्यासाठी हुमायूनच्या मकबऱ्यालगत जी रोपवाटिका उभी राहिली, तीच आजची सुंदर नर्सरी होय. 2018 साली ती उद्यान म्हणून लोकांस खुली झाली. अशा विस्तीर्ण रोपवाटिकेपासून नोएडातील एखाद्या शाळेच्या लहानशा बागेपर्यंत, जेथे माळी आहे तेथे त्याची कोठी असतेच. फावडी, खुरपी, खते आणि पुढील हंगामाचे बी यांचे ते घर. तिच्या खिडकीचे तावदान माकडांच्या उड्यांनी, मुलांच्या चेंडूने वा मे महिन्यातील आंधीने एकदा गेले, की तेथे पुठ्ठा बसतो आणि मग तो वर्षानुवर्षे तसाच राहतो.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते बियाण्याचे. बी हा जिवंत पदार्थ असून ऊब व ओल यांनी त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाच्या ढोबळ नियमाप्रमाणे बियाण्यातील ओलावा शेकडा 1 ने वाढला, की त्याचे आयुष्य निम्मे होते. साठवणीचे तापमान 5 अंशांनी वाढले तरी तोच परिणाम होतो. श्रावणातील पावसाचे शिंतोडे उघड्या खिडकीतून पोत्यांवर पडत राहिले, तर कार्तिकात पेरलेला पालक का उगवला नाही याचे उत्तर वाफ्यात नव्हे, कोठीत शोधावे लागेल.

तथापि सर्वच खिडक्यांना काच लावणे दिल्लीत शहाणपणाचे नाही. काचेतून सूर्यप्रकाश आत येतो. पण तापलेल्या वस्तूंतून निघणारे उष्णतेचे दीर्घ लहरींचे किरण ती बाहेर जाऊ देत नाही. बंद कोठी अशी भट्टी होऊन बसते. मे-जूनमध्ये बाहेर 45 अंश असता पश्चिमेच्या काचेमागे बी ठेवणे म्हणजे ते भाजणेच. उत्तरेच्या खिडकीवर मात्र ऊन केवळ उन्हाळ्यातील सकाळी व संध्याकाळी, तेही तिरपे पडते. म्हणून काच तेथे बसवावी. पश्चिमेला बारीक तारेची जाळी आणि तीवर पावसापुरते छज्जे पुरे. हुमायूनच्या मकबऱ्यातील दगडी जाळ्या हेच काम चार शतकांहून अधिक काळ करीत आल्या आहेत: झळ अडवावी, वारा अडवू नये.

आता काच कापण्याविषयी. काच ठिसूळ का, याचा उलगडा इंग्लंडमध्ये ग्रिफिथ यांनी 1921 साली केला. काचेच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा असतात. ताण पडला की तो त्यांच्या टोकाशी एकवटतो आणि भेग धावू लागते. काच कापणाऱ्याची हिरकणी याच दोषाचा उपयोग करते. ती काच कापीत नाही, भेगेस मार्ग आखून देते. म्हणून रेघ एकदाच, न थांबता ओढावी; त्याच रेघेवर पुन्हा हिरकणी फिरविल्यास काच वेडीवाकडी फुटते.

तावदान खाचेच्या मापापेक्षा लांबी-रुंदीत प्रत्येकी सुमारे 3 मिलिमीटर लहान असावे. उष्णतेने काच वाढते हे याचे कारण म्हणून सांगितले जाते, पण ते अपुरे आहे. 60 सेंटिमीटरची काच 40 अंशांच्या फरकाने पाव मिलिमीटरही वाढत नाही. खरा शत्रू चौकट होय. लाकूड पावसाळ्यात तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. लोखंडी चौकटीवरील गंज तर मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काचेच्या कडेला जणू पाचर ठोकतो. तेव्हा गंज खरवडून, चौकटीला रंग देऊन मगच काच बसवावी. जुना रंग मात्र कोरडा घासू नये. त्यात शिसे असू शकते (घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा 2017 मध्ये लागू झाली), आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. पृष्ठ ओले करून, मुलांना दूर ठेवून ते काम करावे.

काच धरून ठेवणारी लांबी, म्हणजेच पुट्टी, हा साधा पण विलक्षण पदार्थ आहे. खडूच्या भुकटीचे वजनाने 5-6 भाग आणि जवसाच्या तेलाचा एक भाग मळून ती होते. ती पाण्यासारखी वाळत नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांस जोडले जातात आणि तेलाचे घट्ट जाळे बनते. कोऱ्या लाकडाने तेल पिऊन टाकले, तर उरलेला खडू भुगा होऊन गळतो. यास्तव खाचेला आधी तेलरंगाचा हात द्यावा. प्रथम खाचेत लांबीचा पातळ थर, त्यावर काच, मग बारीक चुका आणि शेवटी बाहेरून तिरपी लांबी, असा क्रम असतो. दिल्लीत याला फेब्रुवारी-मार्च उत्तम. लू वाहू लागली की ओल्या लांबीवर धूळ चिकटते.

प्राणवायू शोषताना तेल उष्णताही सोडते. खिडकीवरील लांबीतून ती सहज निघून जाते. पण तेलाने माखलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या, तर आतली उष्णता साचत जाऊन त्या काडी न लावताच पेट घेऊ शकतात. गोणपाट व पाचोळा यांनी भरलेल्या कोठीत याचा परिणाम काय होईल ते सांगावयास नको. चिंध्या काम संपताच पाण्यात बुडवाव्यात, किंवा उघड्यावर एकेक पसरून पूर्ण कडक होऊ द्याव्यात.

लांबीवर साय धरण्यास एक-दोन आठवडे लागतात. त्यानंतर रंग द्यावा, आणि तो काचेवर 2 मिलिमीटर चढवावा, म्हणजे काच व लांबी यांच्या सांध्यात पाणी शिरणार नाही.