लेथवर अनडू नसतो

लेथवर टूल अर्धा मिलिमीटर जास्त आत गेलं की जॉब उडाला. कापलेलं लोखंड परत चिकटत नाही. भोसरीच्या एमआयडीसीत मी बावीस वर्षं लेथ चालवला आणि हाताला एकच वळण लागलं. आधी मापायचं, पुन्हा एकदा मापायचं, मगच हात लावायचा. २००८ साली पाठीनं दगा दिला, तेव्हा मालकांनी मला चाकणच्या नव्या शेडमध्ये स्टोअरला बसवलं आणि समोर संगणक ठेवला. पहिले तीन दिवस मी त्याला बोट लावलं नाही. ऑफिसातल्या पोरांना वाटलं, टर्नर माणूस, याला काय झेपणार! खरी गोष्ट वेगळी होती. चुकीचं बटण दाबलं तर आतलं काहीतरी कायमचं कापलं जाईल, ही माझी भीती होती. ती अडाणीपणाची नव्हती, लेथनं शिकवलेली होती.

शेवटी लांडेवाडीजवळच्या एका क्लासला एमएस-सीआयटी लावली. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि त्यांच्या या कोर्सनं गावोगावी संगणक पोचवला. मराठीतून शिकता यायचं, ही आमच्यासारख्यांची मोठी सोय. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागायचं, म्हणून आमच्या बॅचमध्ये बारावीची पोरं होती, एक हवालदार होते, आणि त्रेचाळीस वर्षांचा मी. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या थोरलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील.

"काका, माऊस उचलायचा नाही, सरकवायचा."

"काका, अहो किती जोर लावताय! चक आवळायचंय का?"

त्यांचे वडील टेल्कोच्या कारखान्यात होते, म्हणून त्यांना लेथवर जॉब पकडणारं चक ठाऊक होतं. डबल क्लिक करताना माझा हात हलायचा आणि क्लिक फुकट जायचं. मग त्यांनी मला दोन दिवस संगणकावर पत्ते खेळायला लावले. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "पैसे भरून पत्ते?" पण त्यात अक्कल होती. मायक्रोसॉफ्टनं १९९० साली विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर दिला, त्या खेळात पान धरून ओढायचं, नेऊन सोडायचं. फाइल एका जागेवरून दुसरीकडे नेताना हाताला नेमकं हेच करावं लागतं.

पडद्यावरचे शब्द मात्र मला परके वाटायचे. डेस्कटॉप, फाइल, फोल्डर, कचऱ्याची टोपली. ही सगळी मांडणी अमेरिकेतल्या ऑफिसवरून उचललेली. झेरॉक्स कंपनीनं १९८१ साली 'स्टार' नावाचा संगणक काढला, त्यात टेबल, कागद आणि फोल्डरची अशी चित्रं होती. पुढे ॲपलनं ती कल्पना लोकप्रिय केली आणि विंडोज ९५ नं ती आपल्याकडच्या गल्लीबोळांत आणली. ज्यानं ऑफिसात टेबलामागे बसून काम केलंय त्याला ते लगेच उमगतं. मी उभा जन्म मशीनसमोर काढलेला! म्हणून मी प्रत्येक शब्द आपल्या शॉपमध्ये आणून बसवला, आणि तिथून गाडी सुरळीत चालली.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे शिफ्टचा सुपरवायझर. तो स्वतः जॉब कापत नाही. एक्सेल, टॅली, प्रिंटर ही कामाची माणसं. कोणाला किती जागा द्यायची, कोणी थांबायचं, प्रिंटर आधी कोणाच्या हाती लागेल, हे तो ठरवतो. एक ऑपरेटर चार सीएनसी सांभाळतो तसा प्रकार. इथे जॉब लावला, तिथला काढला, आणि फेऱ्या इतक्या झटपट की बघणाऱ्याला चारही एकदम चालल्यासारख्या वाटतात. फार कामं उघडून ठेवली की मात्र सकाळचा चाकणचा तळेगाव चौक होतो. सगळे हॉर्न वाजवतात, हलत कोणी नाही.

रॅम म्हणजे वर्कबेंच, हार्ड डिस्क म्हणजे रॅक. हे मला मॅडमनी सांगितलं होतं, पण पटलं ते नोव्हेंबरातल्या एका दुपारी. तीन तास बसून महिन्याचा स्टॉक भरला आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. लाइट आली तेव्हा तक्ता कोरा. बेंचवर मांडलेलं सामान वीज गेली की पुसलं जातं, रॅकवर ठेवलेलं राहतं. सेव्ह करायचं म्हणजे बेंचवरचं उचलून रॅकवर ठेवायचं. तेव्हापासून दर पाच-दहा नोंदींनंतर माझी डावी करंगळी आपोआप कंट्रोलवर जाते आणि शेजारचं बोट एसवर.

रॅकचा पत्ता हा माझा आवडता विषय. स्टोअरमध्ये बेअरिंग 'तिकडे कुठेतरी' नसतं. रॅक सी, तिसरा कप्पा, सातवा बिन, असं बिन कार्डावर लिहिलेलं असतं. फाइलचंही तसंच. सी ड्राइव्ह, त्यात स्टोअर, त्यात इनवर्ड, त्यात साल, त्यात महिना. मी मॅडमना विचारलं होतं, "ए आणि बी रॅक कुठे गेले?" त्या हसल्या, पण उत्तर खरं निघालं. ती दोन अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेल्या, अक्षरं रिकामी राहिली.

फाइलला नाव देतानाही एकदा अडलो. चलनाचा नंबर २१४/१७-१८ असा, आणि तो नावात घातला की संगणक नाहीच म्हणायचा. मला वाटलं कीबोर्ड बिघडला. कारण असं, की तिरकी रेघ ही त्याच्या भाषेत 'आता आतल्या कप्प्यात जा' अशी खूण आहे. ती नावात कशी चालेल? प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन ठिपके, चांदणी, तीही चालत नाहीत. मी आडवी रेघ घालायला लागलो. तारीख लिहिताना साल आधी, मग महिना, मग दिवस लिहिलं की फाइली आपसूक क्रमानं लागतात, हे मला कोणी शिकवलं नाही. २०१८ साली ई-वे बिल आलं आणि रोजचे पंचवीस कागद संगणकात साठायला लागले, तेव्हा ते मला आपोआप सुचलं.

आता रिसायकल बिन. पुस्तकात त्याला कचरापेटी म्हणतात, ते मला साफ चूक वाटतं. ती आपली लाल पेटी आहे. शॉपमध्ये नापास पीस लगेच भंगारात जात नाही. लाल पेटीत पडतो, क्वालिटीवाले येऊन बघतात, रिवर्क होणारा असेल तर परत लाइनला लागतो. डिलीट केलेली फाइल तशीच पेटीत पडून असते आणि 'रिस्टोअर' म्हटलं की आपल्या जुन्या बिनमध्ये जाऊन बसते. पेटी रिकामी करेपर्यंत जागाही तीच अडवते. शिफ्ट दाबून डिलीट केलं तर माल थेट भंगारवाल्याच्या टेंपोत. आणि पेन ड्राइव्हला लाल पेटीच नसते! आमच्या एका क्वालिटीवाल्यानं पेन ड्राइव्हवरचे इन्स्पेक्शन रिपोर्ट उडवले आणि अर्धा दिवस माझ्या संगणकाची पेटी उपसत बसला.

डेस्कटॉपवरच्या ज्या चित्राला कोपऱ्यात छोटा बाण असतो, ते नुसतं बिन कार्ड. ते काढलं म्हणून माल जात नाही. ज्याला बाण नाही, तो खरा माल, त्याला जपून हात लावायचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट थांबवले. आमच्या ऑफिसात दोन संगणक असे, की त्यांच्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, म्हणून त्यांच्यावर विंडोज ११ रीतसर चढत नाही. ते अजून चालतात, पण कुलूप कमजोर निघालं तर आता दुरुस्त करायला कोणी येणार नाही. त्यातला एक मोजमापाच्या मशीनला जोडलेला आहे. त्याची इंटरनेटची वायर मी काढून ठेवलीय, मालकांना विचारून.

मला साठ झाली तरी मालक सोडत नाहीत. गेल्या वर्षी हाताखाली खेडचा एक पोरगा आला. मोबाइलवर त्याचा अंगठा असा फिरतो की बघत राहावं, पण फाइल कुठे ठेवलीस विचारलं की म्हणतो, "असेल की त्यातच." मोबाइलमध्ये फोटो उघडला की दिसतो, तो कुठल्या कप्प्यात आहे हे बघायची वेळच त्याच्यावर आली नाही. त्यानं डेस्कटॉप इतका भरला होता, की मागचा गणपतीचा फोटो दिसेना. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघांनी बसून सगळं रॅकवर लावलं.

परवा तो धावत गेटपर्यंत आला. "काका, जुलैचं अख्खं फोल्डर गेलं! मी काहीच केलं नाही." तोंड पांढरं पडलेलं. माझं २००८ साली असंच पडलं असणार. फोल्डर गेलं नव्हतं. ओढताना माऊस निसटला होता आणि जुलै शेजारच्या जूनमध्ये जाऊन पडला होता.

"दुसरं काही करू नकोस. कंट्रोल धर, झेड दाब."

त्यानं दाबलं. जुलै आपल्या जागेवर.

"मशीनवर पण असं पाहिजे होतं, काका," तो म्हणाला. बाहेर बेअरिंगचा टेंपो लागला होता, ड्रायव्हर चलन हलवत उभा होता. मी इनवर्डचं रजिस्टर उचललं.