रुसलेली रखुमाई

आरती म्हणताना आपण रखुमाईला विठोबाच्या डाव्या अंगाला उभी करतो. घरच्या तसबिरीतही ती तिथेच असते. पंढरपूरच्या गाभाऱ्यात मात्र विठोबा एकटा. रखुमाईला भेटायचे तर तिच्या वेगळ्या देवळात जावे लागते.

कथा अशी. राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहून रुक्मिणी संतापली आणि द्वारका सोडून दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधत देव आले आणि पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर थांबले. म्हणजे पंढरीच्या मुळाशी पुंडलिकाची सेवा आहे, तसाच एका पत्नीचा रागही आहे. कीर्तनकार पहिली गोष्ट रंगवतात आणि दुसरी हसण्यावारी नेतात. मला ते पटत नाही.

कारण ही रुसणारी बाई साधीसुधी नव्हे. भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न तिला नको होते, म्हणून तिने कृष्णाला स्वतः निरोप धाडून बोलावून घेतले. भागवताच्या दशम स्कंधात ते सारे आहे. एकनाथांनी १५७१ साली काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरे केले. पुढे उपवर मुलींनी चांगल्या नवऱ्यासाठी त्याचे पारायण करण्याची रीत पडली. घरच्यांनी ठरवलेला नवरा नाकारणारीची पोथी घरचीच वडील मंडळी मुलींच्या हाती देतात! वर्गात हे सांगितले, की मुली खाली मान घालून हसतात.

कोल्हापूरची एक कथाही याच वळणाची. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूने उलट त्याचेच पाय चेपले, आणि अपमानित लक्ष्मी करवीरला निघून आली. अंबाबाई विष्णुपत्नी की शिवशक्ती, हा वाद पंडितांनी घालावा. नवरात्रात तिरुपतीहून तिला शालू येतो, एवढे खरे.

पंढरपुरात देवळे दोन, तसे पुजारीही दोन घराण्यांचे : विठोबाचे बडवे, रखुमाईचे उत्पात. त्यांचे हक्क २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपले. रखुमाईचे देऊळ मात्र वेगळेच राहिले. वसंतपंचमीला दोघांचे लग्न थाटात लागते, तरीही! आणि गंमत अशी, की ज्ञानदेवांच्या अभंगांतल्या मुद्रिकेत विठ्ठलाची ओळख रखुमादेवीचा वर म्हणूनच आहे.

वारकरी पंढरीला माहेर म्हणतात. रखुमाईचे माहेर अमरावती जिल्ह्यात, वर्धेच्या काठी, कौंडण्यपुरास. आषाढीला तिथूनही तिची पालखी पंढरीला येते.