उटनूरचं सीताफळ दुबईला का जात नाही?

दसरा जवळ आला की तेलंगणातल्या उटनूर, इंद्रवेल्लीच्या रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या मांडल्या जातात. फळ डोंगरातलं, तोडणारी माणसं बहुतेक गोंड आणि कोलाम. गुडीहतनूरला महामार्ग गाठला की पैनगंगेपलीकडे पांढरकवडा आणि पुढे नागपूर. इथून हैदराबादपेक्षा नागपूरच जवळ. टोपलीचा भाव ऐकून कुणीतरी म्हणतंच, "हेच दुबईला पाठवलं तर!" या एका वाक्यात बरेच गैरसमज दडलेत.

पहिला असा, की माल मुबलक म्हणजे निर्यातही मुबलक. फळं-भाज्या पिकवण्यात चीनपाठोपाठ आपला नंबर आहे. आंबा, केळी, पपईत तर आपण पहिले. जगाच्या निर्यातीतला आपला वाटा मात्र एखाद्या टक्क्याच्या आसपासच. पिकतं त्यातलं बहुतेक इथंच खाल्लं जातं. त्यात वाईट काय? एवढं मोठं गिऱ्हाईक घरात असणं हे भाग्यच म्हणायचं.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडणारा: "शीतगृह बांधा, प्रश्न सुटेल." सफरचंद शून्य अंशाजवळ महिनोन्‌महिने टिकतं. सीताफळाला ती थंडी सोसत नाही. पारा साधारण पंधरा अंशांच्या बराच खाली गेला की साल काळी पडते आणि फळ धड पिकतही नाही. जाणती बाई फळाचे डोळे बघते. दोन डोळ्यांमधली खाच रुंदावून पिवळसर-पांढरी दिसली की फळ तोडायचं. तेव्हा ते दगडासारखं कडक असतं, पण तीन-चार दिवसांत बोट लावलं तरी फुटतं. एवढ्या दिवसांत टोपली, टेम्पो, आडत आणि गिऱ्हाईक हा सगळा प्रवास उरकायचा. विकणारीला घासाघीस करायला वेळ नसतो, हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. भाव पडण्याचं खरं कारण हे आहे.

यावर उपाय गराचा. पण तोही वाटतो तितका सोपा नाही. आंब्याच्या रसासारखा हा गर तापवून डब्यात भरता येत नाही. तापवला की कडवट होतो. तो झटपट काढून उणे अठरा अंशांवर किंवा त्याखाली गोठवावा लागतो. पुढे तो आइस्क्रीमवाल्यांना महिनोन्‌महिने विकता येतो, आणि गोठवलेल्या रूपात समुद्रही ओलांडू शकतो.

"जंगलातलं फळ, म्हणजे आपोआप सेंद्रिय!" हेही नेहमी ऐकू येतं. सेंद्रिय म्हणून निर्यात करायची तर दाखला लागतो. जंगलातून गोळा केलेल्या मालासाठीही नियम आहेत: क्षेत्र आखून नोंदवायचं, तिथं बंदी असलेलं रसायन पडलेलं नाही हे दाखवायचं. उटनूरच्या डोंगरांना लागून कपाशी आहे, आणि कपाशीवर काय काय फवारलं जातं हे सांगायला नको.

आता परदेशातून माल परत येण्याबद्दल. तो फक्त औषधांच्या अंशामुळे परत येतो असं आपण धरून चालतो. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडकली ती तशा अंशामुळे, हे खरं. पण २०१४ मध्ये युरोपीय संघानं हापूससकट सगळे आंबे, शिवाय वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद केलं ते मालात फळमाशीसारख्या जिवंत किडी सापडल्या म्हणून. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. सीताफळाच्या डोळ्यांच्या खाचांत पिठ्या ढेकूण हमखास दडतो. फवारणी न केलेल्या फळावर तर तो असणारच. म्हणजे जे "नैसर्गिक" म्हणून मिरवायचं, तेच बंदरावर अडणार.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं अशा गौण वनोपजावर गोळा करणाऱ्यांचा हक्क मान्य केलाय, विकण्याच्या हक्कासकट. त्या हक्काला बळ हवं. रस्त्यालगत सावली, टोपलीऐवजी किलोवर खरेदी व्हावी म्हणून खरा काटा, लहान-मोठी फळं वेगळी करण्याची सोय आणि उटनूरमध्येच गर काढून गोठवणारा छोटा कारखाना एवढं आधी व्हावं. दुबईच्या कंटेनरचं त्यानंतर बघू.