नटाची संहिता आणि रॅपरची नाममुद्रा : दूरचित्रवाणी अभिनयाकडून रॅप संगीताकडे होणाऱ्या स्थलांतराचा विचार

प्रस्तावना

दूरचित्रवाणी मालिकांमध्ये काम करणारा एखादा तरुण नट रॅप संगीताकडे वळतो, तेव्हा ती घटना वरवर पाहता केवळ व्यवसायबदलाची वाटते. चेहरा आधीच परिचित असल्यामुळे नव्या क्षेत्रातील वाट त्याला सोपी जाईल, असाही सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मात्र हे स्थलांतर कठीण ठरते. या दोन कलांमध्ये कलावंताचे शब्दाशी असणारे नाते मूलतः भिन्न आहे, हे त्याचे कारण होय. हे नाते स्पष्ट करणे, मराठी परंपरेच्या आधारे त्याचा अर्थ लावणे आणि महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पुणे शहरातील दोन वाटा

कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्गालगतचे वारजे हे मूळचे गाव १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. वारजे-माळवाडी परिसरातील विद्यार्थी कर्वेनगर, कोथरूड व मध्य पुण्यातील महाविद्यालयांत शिकतात. कलेची ओढ असणाऱ्या अशा विद्यार्थ्यापुढे आज दोन वाटा दिसतात. पहिली वाट रंगमंचाची आहे. १९६३ पासून सुरू असलेली पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, त्यानंतर प्रायोगिक नाटक आणि पुढे मुंबईतील मालिका, असा तिचा परिचित क्रम आहे. दुसरी वाट अलीकडची आहे. तीत भ्रमणध्वनी, एक मायक्रोफोन, संगणकावर तयार केलेला ताल आणि यूट्यूब एवढ्या साधनांवर प्रारंभ करता येतो.

या दुसऱ्या वाटेचे पुण्यातील ठळक उदाहरण म्हणजे ताडीवाला रोड परिसरात वाढलेला अल्ताफ शेख ऊर्फ एमसी स्टॅन. २०२० मध्ये ‘तडीपार’ व २०२२ मध्ये ‘इन्सान’ हे त्याचे गीतसंग्रह प्रसिद्ध झाले. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी तो हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला. अमरावतीची रॅपर आर्या जाधव हिनेही ‘हसल’ या रॅप स्पर्धेनंतर २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात प्रवेश केला. हे दोन्ही प्रवास रॅपकडून दूरचित्रवाणीकडे झालेले आहेत, म्हणजेच प्रस्तुत विषयाच्या उलट दिशेचे आहेत. अशा कार्यक्रमात स्पर्धक स्वतःच्या नावानेच वावरतो. त्यामुळे रॅपरला आपले नाव तेथे जसेच्या तसे नेता येते. मालिकेतील नट मात्र प्रेक्षकांना पात्राच्या नावाने ठाऊक असतो. रॅपकडे येताना त्याला स्वतःचे नाव नव्याने कमवावे लागते.

उसने शब्द आणि स्वतःचे शब्द

अभिनयात दुसऱ्याने लिहिलेले संवाद आपलेसे करून बोलणे हेच कौशल्य असते. दैनंदिन मालिकेत तर अनेकदा त्या दिवसाच्या प्रसंगाचे संवाद चित्रीकरणस्थळीच हाती येतात. नटाने ते स्वतः लिहिले नाहीत म्हणून त्याला कोणी दोष देत नाही. १९७३ पासून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आकारास आलेल्या हिप-हॉप संस्कृतीत मात्र बोलणारा हाच लिहिणारा असावा, अशी दृढ अपेक्षा आहे.

या अपेक्षेची कसोटी कॅनडातील ऑब्री ड्रेक ग्रॅहम याच्या बाबतीत स्पष्टपणे दिसून येते. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘डिग्रासी : द नेक्स्ट जनरेशन’ या किशोरवयीनांच्या मालिकेत तो जिमी ब्रूक्सची भूमिका करीत असे. शाळेतील गोळीबारानंतर हे पात्र चाकांच्या खुर्चीला खिळते. मालिकेत काम चालू असतानाच त्याने २००६ व २००७ मध्ये स्वबळावर गीतसंग्रह प्रसिद्ध केले. २००९ मधील ‘सो फार गॉन’ने त्याला ख्याती मिळाली आणि २०१० मध्ये पहिला अधिकृत अल्बम आला. मालिकेतला नट म्हणून होणारी हेटाळणी त्याच्या वाट्याला दीर्घकाळ आली. २०१५ मध्ये मीक मिल या रॅपरने त्याच्यावर दुसऱ्याकडून ओळी लिहून घेतल्याचा जाहीर आरोप केला. नटाच्या बाबतीत जी गोष्ट स्वाभाविक मानली जाते, तीच रॅपरच्या बाबतीत आरोप ठरते, हा येथील लक्षणीय मुद्दा होय.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘गली बॉय’ चित्रपटात रणवीर सिंह याने स्वतःच्या आवाजात रॅप सादर केले. मात्र त्या शब्दांच्या निर्मितीत डिव्हाइन, नेझी आदी प्रत्यक्ष रॅपरांचा वाटा होता. तो रॅपरचा अभिनय होता आणि अभिनय म्हणून त्याचे कौतुक योग्यच झाले. परंतु रॅपरचा अभिनय करणे आणि रॅपर होणे यांतील अंतर त्यातून लक्षात येते.

मराठी परंपरेतील नाममुद्रा

हे अंतर मराठी वाङ्मयाला अपरिचित नाही. अफजलखानवधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासापासून पुढील शाहिरांपर्यंत रचनेत कवीचे नाव गुंफण्याची प्रथा आहे. ही नाममुद्रा म्हणजे शब्दांची जबाबदारी स्वीकारल्याची खूणच होय. रॅपर आपल्या गीतात स्वतःचे नाव व वस्तीचे नाव पुनःपुन्हा उच्चारतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

संत एकनाथांची भारुडे या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. त्यांत एकनाथ जोशी होतात, गोंधळी होतात, महार होतात. मात्र अखेरीस ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा येते आणि सोंगामागचा वक्ता प्रकट होतो. सोंग आणि स्वत्व यांचा मेळ एकाच रचनेत घालता येतो, हे भारूड दाखवून देते. नटाला रॅपकडे वळताना आपली अभिनयकला टाकून द्यावी लागत नाही. सोंगाच्या शेवटी स्वतःचे नाव सांगण्याची तयारी मात्र ठेवावी लागते.

यातूनच सामाजिक स्तराचा प्रश्न उपस्थित होतो. रॅपची विश्वासार्हता वस्तीतील जगण्याशी जोडलेली असल्याने मध्यमवर्गीय तरुण अनेकदा दुसऱ्याच्या दारिद्र्याची भाषा उसनी घेतो. पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांचे चरित्र येथे बोलके आहे. रेठरे हरणाक्ष येथील कुलकर्णी घराण्यातील श्रीधर कृष्णाजी यांनी वतन व जातीतील प्रतिष्ठा मागे सारून तमाशात प्रवेश केला आणि स्वतःच्या मुद्रेने लावण्या रचल्या. त्यांनी त्याची किंमत आयुष्यभर मोजली. दुसऱ्या समाजस्तराच्या कलाप्रकारात प्रवेश करता येतो, पण तो फुकट मिळत नाही. वारज्यातील सदनिकेत वाढलेल्या तरुणाने ताडीवाला रोडचे अनुभव आपले म्हणून मांडणे हे नटाला शोभेल, रॅपरला नाही. गृहकर्जाचे हप्ते, महामार्गावरील रोजची ये-जा, गावठाण व गृहसंकुल यांतील अबोल अंतर हे त्याचे स्वतःचे विषय होऊ शकतात.

अर्थकारण आणि हक्क

या निर्णयाची व्यावहारिक बाजूही विचारात घ्यावी लागते. मालिकेतील नटाला दिवसाच्या हिशेबाने मानधन मिळते आणि ते बहुधा ९० दिवसांनी हाती पडते. तरीही मालिका चालू असेतो मिळकत निश्चित असते. रॅपरला अशी निश्चिती नसते. मात्र आपल्या शब्दांचा तो लेखक असतो. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गीतलेखक व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला. नट हा सादरकर्ता म्हणून हक्कदार असतो. रॅपर सादरकर्ता व लेखक अशा दोन्ही नात्यांनी हक्कदार असतो. पहिल्याच करारावर घाईने सही करणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.

अध्यापकांची भूमिका

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात रॅप सादर झाला की त्याची संभावना ‘पाश्चात्त्यांचे अनुकरण’ किंवा ‘अश्लील बडबड’ अशा शब्दांत केली जाते. रॅपमधील शिवराळपणा व स्त्रियांविषयीची हीन भाषा यांवर टीका अवश्य व्हावी. तथापि ‘हे शब्द कोणाचे आहेत आणि तू त्यांची जबाबदारी घेतोस काय?’ हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. मराठीच्या तासाला भारूड व पोवाडा शिकविताना विद्यार्थ्याच्या स्वरचित रॅपमधील यमक, लय व नाममुद्रा यांची तुलना करता येईल. वाणिज्य व विधी विभागांना प्रताधिकार कराराचे वाचन शिकविता येईल.

समारोप

तात्पर्य, दूरचित्रवाणीवरील अभिनयाकडून रॅपकडे होणारा प्रवास हा संहितेकडून नाममुद्रेकडे होणारा प्रवास आहे. प्रसिद्धीमुळे पहिला श्रोता मिळतो. दुसऱ्यांदा ऐकविण्यासाठी स्वतःचा शब्द लागतो. पात्राचा मृत्यू झाला तर नट दुसरी भूमिका स्वीकारू शकतो. रॅपरला मात्र आपल्या नावानिशी उच्चारलेल्या शब्दांसह पुढे जगावे लागते. ही जबाबदारी पेलण्याची तयारी तरुणांमध्ये निर्माण करणे हे शिक्षणाचेही कार्य होय.