खेळातली ‘ग्रॅनी’ आणि घरातली आजी

दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याकडची नातवंडे आजऱ्याला आली की घराचे रूपच पालटते. शेतात घनसाळ भाताचा वास दरवळत असतो, सकाळी हिरण्यकेशीच्या काठी धुके उतरलेले असते आणि रात्री माजघरात अंथरुणांची रांग लागते. पूर्वी याच अंथरुणांवर चकवा, मुंजा, हडळ आणि गिऱ्हा यांच्या गोष्टी रंगत. आता मुलांच्या हाती मोबाईल असतो. 31 ऑक्टोबरचा ‘हॅलोविन’ आणि आपली दिवाळी बहुधा मागेपुढेच येतात. त्यामुळे या दिवसांत भुताखेतांचे व्हिडिओ गेम खेळण्याचे नवे वेडही मुलांबरोबर घरात येते.

त्यात तक्रार करण्यासारखे काही आहे, असे मला वाटत नव्हते. आमच्या पिढीने नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा चादरीत शिरून वाचल्या आहेत. परंतु एका रात्रीने मला या विषयाचा निराळा विचार करायला लावले.

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. त्या रात्री धाकट्या दिरांचा तेरा वर्षांचा मुलगा त्यांच्या शेजारीच पडून ‘ग्रॅनी’ नावाचा गेम खेळत होता. 2017 साली आलेल्या या गेममध्ये खेळणारा एका अंधाऱ्या घरात कोंडलेला असतो. त्या घरातली म्हातारी हातात दंडुका घेऊन फिरते, कुठे जराही आवाज झाला की धावत येते आणि पाच दिवसांत तिथून सुटायचे असते. फळ्यांची करकर, पावलांची चाहूल, मध्येच किंकाळी असे आवाज चालूच होते. मुलाला केव्हातरी झोप लागली, पण सासूबाई जाग्या झाल्या होत्या. मी उठून पाहिले तेव्हा दाराचा अडसर काढून त्या अनवाणी अंगणात उभ्या होत्या.

“पोर रडतंय बाहेर. कुणीतरी कोंडलंय त्याला,” त्या म्हणाल्या.

त्यांना हाताला धरून आत आणले. इजा काही झाली नाही, पण अंगणाच्या कडेला पाच पायऱ्या आहेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सकाळी कळल्यावर तो मुलगा रडवेला झाला. “काकू, मला वाटलं आजीला ऐकूच येत नाही,” तो म्हणाला. दोष त्याचा नव्हता. कोणता खेळ, कोणाच्या शेजारी आणि किती वाजता, हे आम्ही मोठ्यांनीही कधी विचारले नव्हते.

भीतीने शरीरात काय घडते

भीती खरी असो वा पडद्यावरची, मेंदूची पहिली प्रतिक्रिया सारखीच असते. धोक्याची सूचना मिळताच ॲड्रेनॅलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो आणि स्नायू ताठरतात. ‘हे खोटे आहे’ ही समज त्यामागून येते आणि मग शरीर शांत होते. निरोगी माणसाला या चढउतारात मौज वाटते.

आपण ‘रक्त गोठले’ असे म्हणतो, त्याचीही परीक्षा झाली आहे. नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी 24 निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक साधा माहितीपट दाखवून त्यांचे रक्त तपासले. भयपटानंतर रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या ‘फॅक्टर आठ’ या घटकाचे प्रमाण वाढलेले आढळले. प्रत्यक्ष गुठळी होण्याची क्रिया मात्र सुरू झालेली नव्हती. हा अभ्यास 2015 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून घाबरून जाण्याचे कारण नाही. लटकी भीतीही शरीरापर्यंत पोहोचते, एवढा बोध मात्र घ्यावा.

डेन्मार्कमधील संशोधकांनी एका भीतिगृहात 110 जणांच्या हृदयाची गती नोंदवली. तेव्हा असे दिसले की भीती फार थोडी असली तर मजा येत नाही आणि फार झाली तरीही येत नाही. मजा मधल्या टप्प्यात असते. हा मधला टप्पा प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि खेळाची निवड करताना नेमके हेच ध्यानात ठेवायचे असते.

कोणाच्या बाबतीत जपावे

ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यांनी एकाएकी दचकवणारे खेळ टाळावेत किंवा आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशापासून दूर राहावे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेचा एक भाग पाहताना अशाच लुकलुकाटामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी सारे दिसेल अशी रचना असलेल्या गेममध्ये दृश्य सतत फिरते. त्याने वयस्कर माणसांना मळमळ व घेरी येऊ शकते, आणि तशा अवस्थेत झटकन उठल्यास तोल जातो.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला पडद्यावरचे आणि घरातले यांतला फरक उमगेलच असे नाही. ल्युई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात आणि काही पार्किन्सनग्रस्तांना नसलेली माणसे वा प्राणी दिसतात. त्यांच्यासमोर भयावह दृश्ये लावणे म्हणजे आधीच्या भासांना खतपाणी घालणे होय.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. दृष्टी फार अधू झालेल्या, परंतु बुद्धी शाबूत असलेल्या वृद्धांनाही कधी कधी आकृत्या, चेहरे किंवा नक्षी दिसते. स्वित्झर्लंडमधील शार्ल बोने याने 1760 साली हे प्रथम नोंदवले, तेही आपल्याच आजोबांविषयी. आजोबांची दृष्टी मोतीबिंदूने अधू झाली होती, पण मन ठणठणीत होते. आज या अवस्थेला त्याचेच नाव आहे. ‘लोक वेडे म्हणतील’ किंवा ‘बाधा झाली म्हणतील’ या धास्तीने अनेक वृद्ध असे अनुभव लपवतात. एखादी आजी ‘कोपऱ्यात बाई उभी आहे’ म्हणाली, तर तिला हसू नये आणि अंगारा-धुपाऱ्यावर भागवू नये. शांतपणे ऐकून घ्यावे आणि नेत्रतज्ज्ञाला व डॉक्टरांना दाखवावे.

खेळ कसा निवडावा

पहिले म्हणजे वयाची खूण पाहावी. युरोपातील ‘पेगी’ पद्धतीत 3, 7, 12, 16 आणि 18 असे टप्पे असतात, शिवाय भीतिदायक आशयाची वेगळी खूणही असते. ‘रेसिडेंट ईव्हिल’ किंवा ‘सायलेंट हिल’ यांसारखे गेम प्रौढांसाठी रचलेले आहेत, ते मुलांच्या हाती देऊ नयेत.

दुसरे, भीतीची जात पाहावी. एकाएकी किंकाळी फोडून दचकवणारा खेळ निराळा आणि गूढ उकलायला लावणारा किंवा भुतांची फजिती करणारा खेळ निराळा. आजी-आजोबांनी नातवंडांबरोबर खेळायचे असेल तर दुसरी जात बरी. 1980 सालचा जपानी ‘पॅक-मॅन’ आजही सोपा आणि मजेचा वाटतो. त्यात चार रंगीत भुते पाठलाग करतात, आणि मोठी गोळी गिळली की तीच पळत सुटतात. ‘लुइगीज मॅन्शन’मध्ये भित्रा नायक धूळ ओढण्याच्या यंत्राने भुते पकडतो. ‘प्लांट्स व्हर्सेस झोम्बीज’मध्ये अंगणात झाडे लावून प्रेते परतवायची असतात. परसबागेची आवड असणाऱ्या आजीला तो चटकन समजेल.

तिसरे, खेळातील सोयी वापराव्यात. अनेक गेममध्ये सोपी पातळी निवडता येते. ‘ग्रॅनी’मध्येसुद्धा म्हातारीशिवाय घर फिरून पाहण्याची सरावाची सोय आहे.

चौथे, वेळ व जागा ठरवावी. दिवसाउजेडी किंवा दिवेलागणीला खेळावे, झोपेच्या तासभर आधी थांबावे. घरात आजारी वा विस्मरण झालेले माणूस असेल तर दुसऱ्या खोलीत, कानाला हेडफोन लावून खेळावे. ‘त्यांना ऐकू येत नाही’ हे गृहीत धरू नये.

पाचवे, थांबण्याचा हक्क प्रत्येकाला असावा. ‘भित्री भागूबाई’ म्हणून चिडवून कोणालाही खेळायला बसवू नये. छातीत दुखणे, धाप लागणे, घेरी येणे असे काही जाणवले तर खेळ तिथेच बंद करावा आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.

त्यानंतरच्या संध्याकाळी मुलगा सासूबाईंच्या पायाशी येऊन बसला. “आजी, तुझी एखादी भुताची गोष्ट सांग,” तो म्हणाला. सकाळी काय जेवलो हे न आठवणाऱ्या माझ्या सासूबाईंनी चकव्याची गोष्ट मात्र सलग सांगितली. रात्री घाटातून परतणारा एक माणूस, एकाच शेताभोवती घातलेल्या सात फेऱ्या, आणि अखेर थकून बांधावर टेकणे.

“मग तो घरी पोचला का गं?” मुलाने विचारले.

“पोचला की. कोंबडा आरवल्यावर वाट दिसली त्याला.”

त्या रात्री दोघेही शांत झोपली. भीतीचा खेळ निवडताना मी आता एवढेच पाहते की, तो संपल्यावर खेळणारा आणि त्याच्या शेजारी निजलेला, असे दोघेही सुखरूप घरी पोहोचले पाहिजेत.